टोमॅटोसाठी स्वयंसिंचन बादली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती विसर्जन झालं की माझ्या फोनवर टोमॅटोचे प्रश्न सुरू होतात आणि दिवाळीच्या आठवड्यात त्यांचा पूर येतो, कारण तेव्हा सगळ्यांना गावी जायचं असतं. तीच ती उत्तरं टाइप करून कंटाळलो म्हणून ही यादी. अनुभव पुण्यातल्या गच्चीचा आहे. कोकणात किंवा विदर्भात वेळापत्रक थोडं सरकेल, बादली तीच राहील.

१. स्वयंसिंचन बादली म्हणजे काय? पाणी आपोआप येतं का?

आपोआप काही येत नाही, नळ तुम्हालाच उघडायचा आहे. एकात एक बसणाऱ्या दोन बादल्या असतात. खालची पाण्याची टाकी, वरची झाडाची कुंडी. वरच्या बादलीच्या तळातून एक जाळीदार डबा खालच्या पाण्यात लोंबतो. त्यातलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), समईची वात तेल ओढते तसं, पाणी वर ओढत राहतं. झाडाला लागेल तेवढंच पाणी वर चढतं. तुम्ही फक्त टाकी भरायची.

२. साध्या कुंडीत काय वाईट आहे? मी रोज पाणी घालतेच की.

रोज घालता, पण झाड चोवीस तास पितं. फळांनी लगडलेलं टोमॅटोचं झाड एप्रिलच्या उन्हात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज संपवतं. बारा इंची कुंडी सकाळी चिखल आणि दुपारी तीनला भाकरीसारखी कोरडी. टोमॅटोला हा झोका सोसत नाही. फळं तडकतात किंवा बुडाशी काळी पडतात (त्याबद्दल प्रश्न १३).

कल्पना नवी नाही. झाडाजवळ मातीचं मडकं पुरून त्यात पाणी भरायची आपल्याकडची मटका सिंचनाची पद्धत याच तत्त्वावर चालते. टाकीवाल्या पेटीला बाजारात आणणारे अमेरिकेतले ब्लेक व्हिसेनंट हे फ्लोरिडातले टोमॅटो पिकवणारे शेतकरीच होते. म्हणजे हे खटाटोप मुळात टोमॅटोसाठीच झालेले आहेत.

३. कोणती बादली घ्यावी? रंगाची चालेल का?

२० लिटरची, आणि एकसारख्या दोन. त्याहून लहान बादलीत टोमॅटो जगतो, पण फळताना रडवतो.

मिठाईवाल्यांकडे लिक्विड ग्लुकोजच्या, केटररकडे लोणच्याच्या रिकाम्या बादल्या मिळतात. त्या पहिल्या पसंतीच्या. बुडावर त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असेल तर उत्तम. पाण्यात मिसळणाऱ्या डिस्टेंपरची बादली नीट घासून, रंगाचा पापुद्रा पूर्ण काढून वापरणारे पुष्कळ आहेत, मीही सुरुवातीला वापरली. पण ऑइलपेंट, वॉटरप्रूफिंगचं रसायन किंवा कीटकनाशक भरलेली बादली कितीही धुतली तरी नको. भंगारवाला ‘काही होत नाही’ म्हणेल. खायचं तुम्हाला आहे.

पारदर्शक बादली टाकी म्हणून नको, उजेडाने शेवाळ धरतं. काळी असेल तर बाहेरून पांढरा रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा, नाहीतर उन्हात मुळं शिजतात.

४. सामान काय लागतं आणि बनवायची कशी?

दोन बादल्या, एक झाकण, श्रीखंडाचा किंवा दह्याचा अर्धा किलोचा प्लॅस्टिक डबा, एक इंची पीव्हीसी पाइपचा दीड-दोन फुटांचा तुकडा, मच्छरदाणीच्या जाळीचा कापटा. हत्यारांत ड्रिल. ड्रिल नसेल तर प्लंबरला चहा पाजा, दहा मिनिटांचं काम आहे. तापवलेल्या खिळ्यानेही भोकं पडतात, पण तो धूर घरात करू नका.

आधी दोन्ही बादल्या एकात एक बसवा आणि दोन तळांमध्ये किती जागा राहते ते मोजा. बॅटरीच्या उजेडासमोर धरलं की आतल्या बादलीची सावली दिसते. सात-आठ सेंटिमीटर हवेत. बादल्या फारच घट्ट बसत असतील तर चार इंची पाइपचे तीन तुकडे टेकू म्हणून खाली ठेवा.

आता वरच्या बादलीच्या तळाला मधोमध डब्याच्या तोंडापेक्षा किंचित लहान भोक पाडा, म्हणजे डबा काठावर अडकून खाली लोंबेल. त्याचं बूड टाकीच्या तळाला जवळजवळ टेकलं पाहिजे. उंची कमी पडली तर जास्त खोल डबा शोधा. डब्याला बाजूंनी आणि खालून बोटभर अंतरावर बारीक भोकं. बादलीच्या उरलेल्या तळाला पंधरा-वीस भोकं, ती हवेसाठी. तळालाच कडेजवळ पाइप जाईल एवढं भोक पाडून पाइप टाकीपर्यंत उतरवा. पाइपचं खालचं टोक तिरकं कापा. सरळ कापलंत तर ते तळाला चिकटून बसतं आणि पाणी उतरत नाही. सगळ्यात शेवटी खालच्या बादलीला बाहेरून ओव्हरफ्लोचं भोक. त्याला वेगळा प्रश्न दिलाय, कारण अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात.

५. ओव्हरफ्लोचं भोक नेमकं कुठे? नसलं तर काय बिघडतं?

वरच्या बादलीच्या तळापेक्षा एक-दीड सेंटिमीटर खाली. दोन तळांत साडेसात सेंटिमीटर जागा असेल तर टाकीच्या तळापासून सहा सेंटिमीटरवर. जाडी पेन्सिलीएवढी.

लोक हे भोक वर पाडतात, कारण ‘तेवढंच पाणी जास्त मावेल’. मग पाणी वरच्या बादलीत शिरतं, माती बुडते आणि आठवड्यात पानं पिवळी. पाण्याचा पृष्ठभाग आणि मातीचा तळ यांच्यात राहिलेली ती बोटभर हवा या सगळ्या यंत्रणेचं खरं इंजिन आहे. मुळं खाली पाण्याकडे येतात, पण श्वास त्या फटीत घेतात. पाण्याबरोबर हवा मिळते म्हणून बादलीतलं झाड कुंडीतल्या झाडाला मागे टाकतं. पाणी काय, आपण कुंडीतही भरपूर ओततोच.

भोक नसेल तर ते केवळ निचरा नसलेल्या डबक्यावरचं झाड. पहिल्या पावसात कळेल.

६. आमच्याकडे गावची कसदार काळी माती आहे. ती भरू का?

नको. यावर लोक रागावतात. आजोबांच्या शेतातली माती नाकारायची म्हणजे काय!

काळी माती पाणी ओढत नाही असं नाही, ती फार ओढते. तिचे कण इतके बारीक की टाकीवर बसवली तर सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवेला जागा उरत नाही. शेतात खाली निचरा होतो, वर भेगा पडतात, गांडुळं असतात. बादलीत यातलं काहीच नाही. लाल मातीही एकटी चालत नाही, ती बसून घट्ट होते.

माझं मिश्रण असं: पाच भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत किंवा नीट कुजलेलं कंपोस्ट, दोन भाग भाताची तुसं किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खनिज दाणे). एका बादलीला दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम देणारी दगडाची भुकटी). पाच किलोची कोकोपीटची वीट भिजवली की साधारण पासष्ट ते सत्तर लिटर होते, म्हणजे सहा-सात बादल्यांना पुरते. ती दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं आणि स्वस्त विटांमध्ये जास्तच. गावच्या मातीचा मान राखायचाच असेल तर एक ओंजळ मिसळा, तिच्यातल्या जिवाणूंसाठी. त्याहून जास्त नाही.

७. टाकी भरलेली आहे, पण वरची माती कोरडी ठणठणीत. पाणी चढत का नाही?

चारपैकी एक कारण असतं. सर्वांत नेहमीचं म्हणजे कोकोपीट कोरडंच भरलं. वाळलेलं कोकोपीट पाण्याला झिडकारतं. भरण्याआधी ते भिजवून, मुठीत दाबल्यावर दोन थेंब पडतील इतकं ओलं हवं. दुसरं, लोंबत्या डब्यात कोकोपीट सैल राहिलं आणि मध्ये पोकळी पडली. तो डबा बोटांनी चांगला दाबून भरा. बाकी सगळी बादली मात्र दाबायची नाही. तिसरं, डब्याचं बूड पाण्यापर्यंत पोचतच नाही. चौथं कारण मजेशीर आहे: काहीच बिघडलेलं नसतं. वरचे दोन-तीन सेंटिमीटर कोरडे असणं हेच बरोबर आहे. बोट खोल खुपसून बघा.

टाकी एकदा पूर्ण कोरडी पडली तर साखळी तुटते. मग नुसती टाकी भरून उपयोग नाही. एकदा वरून सावकाश पाणी द्यायचं.

८. रोप लावल्यावर लगेच टाकीवर सोडायचं का?

नाही. पहिले आठ-दहा दिवस वरूनही पाणी द्या. मुळं अजून वरच आहेत, त्यांना खालच्या विहिरीचा पत्ता नाही. रोप लावताना खालची पानं काढून खोड अर्ध्यापर्यंत गाडा, टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात. नंतर वरून पाणी बंद, आणि मातीवर झाकणाला भोक पाडून ते, किंवा वाळलेल्या पानांचा थर.

९. दिवाळीला आठ दिवस गावी जातोय. पुरेल ना पाणी?

मोठं झाड असेल तर नाही पुरणार, आणि ‘पुरेल’ म्हणून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. २० लिटरच्या बादलीखाली साडेतीन-चार लिटरच पाणी मावतं. लहान रोपाला ते आठवडाभर चालतं. नोव्हेंबरात फळांवर आलेल्या झाडाला तीन दिवस. एप्रिलमध्ये रोज भरावं लागतं.

आठ दिवसांसाठी दोन उपाय आहेत. एक म्हणजे शेजारी, त्यांना फराळाचा डबा आणि ‘ओव्हरफ्लोच्या भोकातून पाणी बाहेर यायला लागलं की थांबा’ एवढीच सूचना. कुंडीला किती पाणी घालायचं हे समजावण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं. दुसरा म्हणजे कूलरचा फ्लोट व्हॉल्व्ह. सगळ्या बादल्यांच्या टाक्या तळाजवळ अर्ध्या इंची नळीने एकमेकींना जोडायच्या आणि त्याच नळीने जोडलेल्या, त्याच पातळीवर ठेवलेल्या एका डब्यात फ्लोट बसवून तो उंचावर ठेवलेल्या पाण्याच्या ड्रमला जोडायचा. एका डब्यात पातळी राखली की सगळीकडे तीच राहते. फ्लोटची पातळी ओव्हरफ्लोच्या भोकाखाली ठेवा, नाहीतर परत आल्यावर ड्रम रिकामा आणि खालच्या मजल्यावरचे दारात उभे. गच्ची सपाट नसेल तर आधी बादल्यांखाली फरशीचे तुकडे सरकवून पातळी करून घ्या.

१०. टाकीत पाणी किती आहे ते कळतं कसं?

पाइपमध्ये बांबूची काडी, तिच्या खालच्या टोकाला थर्माकोलचा तुकडा. काडी वर आली की भरलेली.

११. साचलेलं पाणी म्हणजे डास. डेंग्यूचं काय?

रास्त भीती आहे. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. महापालिकेचे कर्मचारी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात, नोटीसही देतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

टाकी बंद आहे ही आपली जमेची बाजू. तीन दारं मात्र बुजवायची. पाइपच्या तोंडाला टोपण, ओव्हरफ्लोच्या भोकाला आतून मच्छरदाणीची जाळी, आणि दोन बादल्यांच्या काठांमधली फट. ही तिसरी कुणी बघत नाही. तिथे स्पंजची पट्टी कोंबा किंवा चिकटपट्टी फिरवा. हंगाम संपला की टाकी ओतून, आतून घासून ठेवा, कारण एडिसची अंडी कोरड्या भिंतीवर महिनोन्महिने तग धरतात.

१२. कधी लावायचे आणि कुठलं वाण?

पुण्याकडे गणपतीच्या सुमारास बी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुनर्लागण. डिसेंबर ते फेब्रुवारी फळं. ही सर्वांत सुखाची वेळ. जानेवारीत लावूनही येतात, पण एप्रिलनंतर झाड नुसतं उभं राहतं (प्रश्न १४).

ठेंगण्या, एकदम फळणाऱ्या वाणांना बादली जास्त मानवते. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं ‘अर्का रक्षक’ पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तिघांनाही तोंड देतं, नवख्यांना मी तेच सुचवतो. चेरी टोमॅटो वेलीसारखा वाढतो आणि छप्पर गाठतो, पण फळं धरण्यात सर्वांत उदार. एका बादलीत एकच रोप. दोन लावलीत तर दोघंही अर्धपोटी. बांबू रोप लावतानाच खोचा आणि कठड्याला सुतळीने बांधा, वळवाच्या वाऱ्यात बादलीसकट आडवं होतं.

१३. फळाचं बूड काळं पडतंय. रोग आहे का? अंड्याची टरफलं टाकू का?

रोग नाही, फळाला कॅल्शियम पोचत नाही त्याचं लक्षण आहे. कॅल्शियम पाण्याबरोबर वाहतं आणि पाणी आधी पानांकडे धावतं, म्हणून मध्येच टाकी कोरडी पडली की फळ उपाशी राहतं. पहिल्या दोन-चार फळांना झालं तर ती तोडून टाका, पुढची बहुधा नीट येतात. टिकून राहिलं तर टाकी किती वेळा रिकामी पडली ते आठवा. मग खत बघा. युरिया किंवा ताजं शेणखत जास्त झालं की हेच होतं. तिसरा क्रमांक कॅल्शियमचा: कोकोपीट स्वतःच कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून प्रश्न ६ मधलं डोलोमाइट चुकवू नका. घाई असेल तर कॅल्शियम नायट्रेट, लिटरला एक ग्रॅम, वरून. टरफलं विरघळेपर्यंत हंगाम संपतो.

१४. फुलं भरपूर येतात आणि गळून जातात.

रात्रीचं तापमान २२-२४ अंशांच्या वर राहिलं किंवा दिवसाचं ३५ च्या पुढे गेलं की परागकण निकामी होतात. मे महिन्यात याला इलाज नाही, हिरवी शेडनेट लावून झाड जगवा एवढंच. थंडीतही फुलं गळत असतील तर बंदिस्त बाल्कनीचा संशय घ्या. टोमॅटोचं फूल स्वतःच फळतं, पण त्याला हादरा लागतो. मोकळ्यावर वारा देतो, निळ्या पट्ट्यांची भुणभुणणारी माशी देते. मधमाशीला ती विद्या येत नाही. बाल्कनीत सकाळी दहाच्या सुमारास तुम्हीच देठाला टिचकी मारा.

१५. पाण्यात जीवामृत किंवा १९:१९:१९ टाकलं तर? टाकी आहेच तर खतही त्यातूनच.

जीवामृत टाकीत अजिबात नको. बंद डब्यात ते सडतं, वास सुटतो आणि डब्याची भोकं बुजतात. ते वरून, तेही महिन्यातून एकदा ग्लासभर. १९:१९:१९ सारखं विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा टाकीतून चालतं. पण इथे पाणी फक्त वर जातं, खाली वाहून जात नाही, म्हणून क्षार वर साठतात. मातीवर पांढरी पापडी दिसली की खरवडून काढा आणि वरून भरपूर पाणी सोडून ओव्हरफ्लोमधून वाहू द्या.

१६. बोअरचं, टँकरचं, आरओचं फेकायचं, एसीचं – कुठलं पाणी वापरू?

आरओतून बाहेर टाकलेलं पाणी नको, त्यात क्षार एकवटलेले असतात आणि ते जाणार कुठे हे वर सांगितलंय. बोअरचं आणि टँकरचं जड पाणी चालतं, पण महिन्यातून एकदा वरून धुवा. एसीचं पाणी चांगलं, खनिजं नसतात इतकंच.

१७. पावसाळ्यात काय करायचं?

झाकण असेल आणि ओव्हरफ्लो बरोबर असेल तर झाड बुडत नाही. पण सततच्या ओलीत करपा पानांवर येतो, त्याला बादली काय करणार? पत्र्याखाली, उजेडात ठेवा. मी पावसाळ्यात टोमॅटो लावतच नाही, त्याच बादलीत मिरची आणि वांगी लावतो.

१८. शेंड्याची पानं आकसून वाटीसारखी झालीत.

पिवळी पडून आकसली, झाड खुजं राहिलं आणि पानांखाली पांढरी माशी उडतेय? पर्णगुच्छ विषाणू आहे, झाड उपटा. बाकीच्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा. फक्त जुनी, खालची पानं वळलीत आणि हिरवीच आहेत, तर ते ऊन लागल्याने, सोडून द्या. पानात पांढरट फुगीर चट्टे आणि आत अळी दिसली तर ती टुटा. २०१४ मध्ये भारतात ही अळी पहिल्यांदा आपल्या पुणे जिल्ह्यातच सापडली. असली पानं पिशवीत बंद करून फेका, कंपोस्टमध्ये नाही.

१९. गच्चीला वजन पेलवेल का?

भिजलेली माती, टाकी, झाड धरून एक बादली वीसेक किलो. आठ-दहा बादल्या भिंतीकडेने पसरून ठेवल्या तर सहसा चिंता नसते, जुनी इमारत असेल तर इंजिनिअरला विचारा. कठड्यावर एकही नाही. आणि बादल्या विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालचा कोबा वाळतो.

२०. खर्च सुटतो का?

२०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला दीडशे-दोनशेवर गेला तेव्हा मला सर्वांत जास्त फोन आले. सप्टेंबरपर्यंत तोच भाव इतका कोसळला की नाशिक-जुन्नरकडच्या शेतकऱ्यांना तोडणीचा खर्च निघेना. बादल्यांचे फोनही थांबले. माझ्याकडे एका झाडाला बऱ्या वर्षी तीन-चार किलो येतात. पहिल्या वर्षी खर्च सुटत नाही. बादली पाच-सहा वर्षं टिकली तर कदाचित. झाडावर पिकलेला टोमॅटो मीठ लावून तिथेच उभं राहून खायचा असेल तर करा.

२१. पुढच्या वर्षी तीच माती चालेल?

चालेल. मुळं काढा, मे महिन्यात ओलसर माती पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बांधून महिनाभर उन्हात ठेवा, मग चौथा हिस्सा नवं कंपोस्ट मिसळा. लगेच टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नको, ही सगळी एकाच घरची. मध्ये पालक किंवा मेथी घ्या. (मी प्रश्न १७ मध्ये मिरची-वांग्याचं सांगितलं ते ज्या बादलीत टोमॅटो निरोगी होता तिच्यासाठी, आणि तेही एक वर्षाआड.)

२२. मी न्यू जर्सीत आहे. इथे हे जमेल?

उन्हाळ्यात आमच्यापेक्षा चांगलं जमेल. रोपं घरात तयार करा, शेवटचं गोठवणारं दहिवर सरल्यावर बाहेर काढा. हिवाळ्याआधी टाकी रिकामी करायला विसरू नका, बर्फ झाला की बादली फुटते.

२३. टाकीत पाणी आहे, माती ओली आहे, तरी झाड माना टाकतं. का?

दुपारी माना टाकून संध्याकाळी ताठ होत असेल तर उन्हाचा ताण आहे, गोणपाट गुंडाळा. सकाळीही मान खाली असेल तर आधी ओव्हरफ्लो तपासा, जाळीत कचरा अडकून माती बुडालेली असते (प्रश्न ५). भोक मोकळं असूनही हिरवंगार झाड दोन दिवसांत लोळलं तर जिवाणूजन्य मर. खात्री करायची तर खोडाचा तुकडा आडवा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लोंबता धरा. काही मिनिटांत कापातून दुधासारखे पांढरे धागे खाली सुटले तर तेच. मग झाड आणि माती दोन्ही पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. बादल्या, डबा, पाइप, बांबू सगळं ब्लीचच्या पाण्याने धुऊन आठवडाभर कडक उन्हात, आणि ती कात्री दुसऱ्या झाडाला लावण्याआधी तीसुद्धा धुवा.